चादरीखालचं अंग

मधल्या शहरात सहा-सात तास थांबावं लागणार, हे ऐकून आईपेक्षा लेकीलाच जास्त आनंद झाला होता. तिने लगोलग फोनवर यादी पाठवली. उंच मनोरा, तळ्याकाठची बाग, उघड्या टपाची बस, आणि वेळ उरलाच तर संग्रहालय, "पण वरवर बघ, प्रत्येक मडक्यापुढे उभी राहू नकोस." वर ताकीदही दिली, "विमानतळावर खुर्चीत पेंगत बसशील तर याद राख. लोक असल्या वेळेचं सोनं करतात."

"करते हो सोनं," आई म्हणाली आणि यादी न वाचताच फोन पर्समध्ये टाकला.

सरळ जाणारं विमानही होतं. पण एवढा वेळ एका जागी बसवत नाही, पाय सुजतात, असली काहीतरी सबब सांगून तिने हे मधे थांबणारं विमान मागून घेतलं होतं. लेक बिचारी भोळी. बाळंतपणाला आई येतेय, एवढ्यातच तिला सगळं मिळालं होतं.

या आईला ओळखीचे सगळे धाकटी म्हणत. केस पिकले, गुडघे बोलायला लागले, लेकीचं दुसरं बाळंतपण आलं, तरी धाकटी ती धाकटीच, कारण वर मोठी होती. आता मोठी गेली होती. नाव काही त्यामुळे बदललं नाही.

टॅक्सीवाल्याने विचारलं, "मनोऱ्याकडे ना? सगळे तिकडेच जातात."

"नाही. शिंप्यांच्या गल्लीत."

"तिथे बघण्यासारखं काय आहे?"

"ते गेल्यावरच कळेल," धाकटी म्हणाली, आणि पट्टा लावताना तिने सवयीने डावीकडची उशी सारखी केली.

उशी म्हणजे दुकानातून आणलेली, रबरी. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिची डावी छाती काढली होती. नवरा त्याआधीच गेलेला. लेकीशिवाय हे कोणाला माहीत नव्हतं, आणि लेकीला तिने स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती. ती उशी घामाने सरकायची, जिना चढताना वर यायची, वाकलं की भलतीकडे बघायची. धाकटी जन्मभर शिवणकाम केलेली बाई. दुसऱ्या कोणी असलं बेमाप काम केलं असतं तर तिने त्याच्या तोंडावर फेकलं असतं. पण स्वतःसाठी चिंधी कापून भरायला तिचा हात धजत नव्हता. दर सहा महिन्यांनी उजवीची तपासणी व्हायची, आणि त्या दिवसापर्यंत ती अर्धी मेलेली असायची.

गेल्या महिन्यात फोन आला होता तो काजवालीचा. ही काजवाली म्हणजे मोठीच्या खोलीत निम्म्या भागात बसून काजं आणि बटणं करणारी बाई. मोठी याच शहरात शिवायची, एकटी राहायची. काजवाली फोनवर म्हणाली, "तुमची मोठी गेली. सगळं होऊनही गेलं. झाल्यावरच कळवा, असं तिनंच सांगितलं होतं. आता मालकाला तिची बाजू रिकामी हवीय. मशीन, टेबल सगळं उचलून नेतील. पण एक पुतळा आहे, चादरीखाली. चादर धाकटीनंच काढायची, असं सांगून ठेवलंय तिनं. मी हात लावलेला नाही. आणि बाई, जमलं तर लवकर या. मला त्या खोलीत आता एकटीला बसवत नाही."

चादरीखाली कोण असणार हे धाकटीने फोन ठेवण्याआधीच ओळखलं. आई.

यांच्या घराण्याची एक रीत होती. ज्या गिऱ्हाइकाचं अंग नेहमीच्या मापात बसत नाही, एक खांदा पडलेला, पाठीला बाक, त्याच्यासाठी लाकडी पुतळ्यावर चिंध्या आणि कापूस भरून हुबेहूब तसं अंग तयार करायचं. मग त्या माणसाला पुन्हा पुन्हा बोलवावं लागत नाही, पुतळ्यावरच बेतायचं. माणूस सुटलं की भरण वाढवायचं, वाळलं की कमी करायचं. जिवंत माणसाचा पुतळा दुरुस्त करायचा, उसवायचा कधीच नाही. उसवणं म्हणजे त्याचं मरण बोलावणं. आणि माणूस गेलं की मात्र त्याच दिवशी, उजेड आहे तोवर, पहिला टाका खांद्याचा कापून सगळं मोकळं करायचं आणि म्हणायचं, "माप पुरं झालं, आता मोकळी हो." तसं नाही केलं तर गेलेलं माणूस माप द्यायला येत राहतं. आजी सांगायची, तिने पाहिलंय.

आईचा पुतळाही घरी होता, कारण दोघी लेकी आईचे कपडे शिवायच्या. आई गेली तेव्हा मोठी या शहरातून निघाली होती, वाटेत होती. उजेड जायला आला. धाकटीने रीतीप्रमाणे केलं. रात्री मोठी दारात आली, आईचं तोंड पाहिलं, आणि मग सरळ शिवणाच्या खोलीत गेली. तिथे नुसतं लाकूड उभं होतं.

"माझ्या येण्याआधीच आईला उसवलंस?"

"रीत आहे ताई. उजेड जात होता."

"मला एकदा पाठीला हात लावायचा होता," मोठी म्हणाली. त्यानंतर दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. सांगायला गेलं तर कोणालाही हसू येईल अशी गोष्ट. चिंध्यांवरून भांडण! पण ज्या घरात चिंध्यांनाच माणूस म्हणतात, तिथे दुसरं भांडण कशावरून होणार?

आता मोठीने इथे एकटीने काय केलं असणार, हे धाकटीला चक्क दिसत होतं. तिने आईला पुन्हा भरलं असणार, आठवणीतून. मेलेल्या माणसाचं अंग वर्षानुवर्षं खोलीत उभं करून ठेवलं, आणि आता ते भरणारीही गेली. दोघी तिथेच अडकल्या. त्यांना मोकळं करणारं घराण्यात आता एकच माणूस उरलं होतं, आणि त्याच्याकडे संध्याकाळच्या विमानापर्यंतचाच वेळ होता. कात्री विमानात नेऊ देत नाहीत, त्यामुळे ती रिकाम्या हाताने आली होती. मोठीचं काम मोठीच्याच कात्रीने करावं लागणार होतं.

आणि खरं सांगायचं तर धाकटीला आणखी एक जाणून घ्यायचं होतं. मोठी तशीच गेली का, मनात राग घेऊन? त्या एका प्रश्नाने तिची झोप कधीचीच उडवली होती.

गल्ली अरुंद होती. दोन्हीकडे बटणांची, चेनची, अस्तराच्या कापडाची दुकानं. कुठून तरी इस्त्रीची वाफ बाहेर येत होती आणि तिला ओल्या लोकरीचा वास होता. धाकटीला हा वास सात समुद्रांपलीकडेही ओळखू आला असता. जिन्याच्या पायऱ्यांवर रंगीत धाग्यांचे तुकडे चिकटलेले होते. ती दम खात वर चढली. वरच्या दारात एक बारकीशी बाई उभी होती, चष्मा कपाळावर, बोटात अंगुस्तान. तिने धाकटीला पाहिलं आणि ती एकदम मागे सरकून भिंतीला टेकली.

"काय झालं हो?" धाकटीने विचारलं.

"काही नाही, काही नाही. तुम्ही धाकट्या ना? या." काजवालीने छातीवर हात ठेवला होता. "जिन्यातून तुमचा आकार वर येताना दिसला, आणि मला वाटलं, ही खाली कधी गेली?"

"ही कोण?"

"ती. चादरीतली."

धाकटीने जिन्याकडे एकदा मागे वळून पाहिलं. पण ती आत गेली. एवढं आल्यावर जायलाच हवं होतं.

खोली लांबट होती. खिडकीपाशी काजवालीचं टेबल, बटणांचे डबे, एक वाकडा दिवा. मधे दोरीवर पडदा. पलीकडे मोठीची बाजू: पायडलची मशीन, बेतायचं टेबल, भिंतीला खिळ्यावर टांगलेल्या कात्र्या, लहानापासून मोठीपर्यंत ओळीने, आईने लावून दिलेल्या शिस्तीत. कोपऱ्यात पांढऱ्या चादरीखाली ती उभी होती, भिंतीकडे तोंड करून.

"चहा घ्या आधी," काजवाली म्हणाली. चहा ओतताना ती सारखी कोपऱ्याकडे बघत होती. "मी भित्री नाही हो. मी एकटीनं तीन पोरं वाढवलीत, मला कोण भिववणार? पण संध्याकाळी ते पायडल हलतं. मी पट्टासुद्धा काढून ठेवलाय मशीनचा. तरी हलतं. एकदा खाली, एकदा वर, शिवण संपवून पाय उचलावा तसं."

"वारा असेल."

"वाऱ्याला शिवण येतं का?" काजवाली फणकारली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि मी इकडे तोंड करून काजं करत बसते ना, तर मागून कोणीतरी माप घेतल्यासारखं वाटतं. इथून, खांद्यापासून मनगटापर्यंत. टेप लावल्यासारखं गार."

धाकटीला आजीचं बोलणं आठवत होतं.

"शेवटी फार हाल झाले का तिचे?" तिने विचारलं.

"हात थरथरायचे. डोळे गेलेच होते जवळजवळ. गिऱ्हाईक बंद केलं होतं. पण हिच्यावर काम चालू होतं," काजवालीने हनुवटीने चादरीकडे खूण केली. "शेवटच्या आठवड्यातसुद्धा. पडदा ओढून घ्यायची. मी कधी आत डोकावले नाही. ज्याचं त्याचं असतं एकेक."

"माझ्याबद्दल काही बोलायची?"

काजवालीने तिच्याकडे पाहिलं. "आधी तुमचं काम करून घ्या," ती म्हणाली. "मग बोलू."

म्हणजे बोलण्यासारखं चांगलं काही नसणार, असं धाकटीने मनात धरलं. तिने कप खाली ठेवला, खिळ्यावरून मधली कात्री काढली आणि पडद्याआड गेली.

चादर तिने मागून उचलली, हळूहळू, झोपलेल्या माणसावरून काढतात तशी. आधी पाठ दिसली. मानेखालचा तो बाक, कमरेच्या वर जमलेली वळी, पाठीच्या मधोमध गेलेली खोलगट रेघ. आईच. किती अचूक भरली होती! धाकटीचे डोळे भरून आले. तिने पाठीवर तळवा ठेवला. कापड गार असायला हवं होतं. ते गार नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "ताईला तू सोड आणि तुला ताई सोडेल. पुष्कळ झालं दोघींचं." तिने खांद्याच्या शिवणीत कात्रीचं टोक घातलं आणि पहिला टाका कापला. "माप पुरं झालं..."

शब्द तिच्या तोंडातच राहिले. खांदा पडलेला होता, उजवा. आईचे खांदे तर पाटासारखे सपाट होते. उजवा खांदा पडलेला होता तो दुसऱ्याच कोणाचा. जड इस्त्री लहानपणापासून ज्या हाताने ओढली, त्या हाताचा.

ती वळसा घालून पुढे आली. भिंत आणि पुतळा यांच्या मधे जेमतेम एका माणसापुरती जागा होती. त्या जागेत ती स्वतःच्या समोर उभी राहिली.

ते पोट तिचं होतं, बाळंतपणानंतर कधी आत न गेलेलं. तो रुंद गळा तिचा होता, ती आखूड कंबर तिची होती. पण मोठीने तिला शेवटचं पाहिलं तेव्हा तिची कंबर अशी नव्हती, पाठीला बाक नव्हता. म्हणजे मोठी तिला दरवर्षी भरत आली होती. इथे बसून, न पाहता, आता एवढी सुटली असेल, आता आईसारखी वाकायला लागली असेल, असं म्हणत. चिंधीवर चिंधी. आणि धाकटीने नुकताच त्या अंगाचा पहिला टाका कापला होता. जिवंत माणसाचा टाका. तोही स्वतःच्या हाताने, आणि वर ते शब्दही अर्धे म्हणून. तिच्या हातातून कात्री गळून पडली.

मग तिची नजर छातीवर गेली. डावीकडे भरण जागच्या जागी होतं. उजवीकडे काहीच नव्हतं. तिथे कापड सपाट ओढून शिवलं होतं. टाके बाकीच्यांहून नवे, वेडेवाकडे, थरथरत्या हाताचे.

धाकटी मटकन खाली बसली. तिची डावी गेली होती. इथे उजवी काढलेली होती. मोठीला तिच्या दुखण्याचं कळायला काही मार्गच नव्हता. मग हे काय होतं? मरायला टेकलेल्या माणसाला पुढचं दिसतं म्हणतात. मोठीला काय दिसलं होतं? आता उजवीही जाणार, हेच का? पुढची तपासणी बाळंतपण उरकून परतल्यावर होती. तिला दरदरून घाम फुटला, रबरी उशी सरकून काखेत गेली, आणि ती सारखी करण्याचंही तिला भान राहिलं नाही.

"काजवाली बाई!" तिने हाक मारली.

काजवाली पडदा सारून आत आली, पुतळ्याकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई. ही तर तुम्हीच."

"ही बाजू तिने कधी काढली? का काढली? काय म्हणाली?"

"कधी ते सांगते. फोटो आला त्या दिवशी."

"कसला फोटो?"

"तुमच्या लेकीनं पाठवलेला. ती पाठवायची अधूनमधून मावशीला. तुम्हाला ठाऊक नव्हतं?" काजवालीने मशीनच्या वरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे टाचणीने टोचलेला एक फोटो होता, दुकानातून मोठा करून आणलेला. "तो फोनवर आला तशी दुपारभर त्याच्यापुढे बसून होती. बोटांनी मोठा करायची, पुन्हा मोठा करायची. मी विचारलं काय बघतेस एवढं, तर म्हणाली, कापड बघतेय. खांद्यावरून कापड सरळ खाली आलंय, मधे कशाला अडलंच नाही. हिचं काहीतरी गेलंय, आणि हिनं मला सांगितलं नाही. मग पडदा ओढून घेतला. आतून रडण्याचा आवाज आला. पहिल्यांदाच ऐकला मी तिचा. म्हणत होती, किती दुखलं असेल हिला, आणि मी इथे बसलेय ढिम्म."

धाकटी उठून फोटोपाशी गेली. ऑपरेशननंतरचे दिवस. घरातला सैल झगा, उशी न लावलेली. लेकीने तिच्या गळ्यात हात टाकून फोन समोर धरला होता आणि स्वतःच फोटो काढला होता. धाकटीने नीट पाहिलं. फोटोत तिचा भांग उलट्या बाजूला होता. घड्याळ उजव्या हातात होतं, आणि ती जन्मात कधी उजव्या हातात घड्याळ बांधत नाही. लेकीचा फोन आरशासारखं दाखवतो. डावं ते उजवं.

अख्ख्या जगाने हा फोटो पाहिला असता तरी कोणाला काही कळलं नसतं. सैल झगा घातलेली एक म्हातारी होत चाललेली बाई, बस. मोठीने निम्म्या डोळ्यांनी पाहिलं आणि कापडाच्या पडण्यावरून सगळं ओळखलं. आणि एवढं ओळखून बाजू चुकली. शिंपीण ती शिंपीण, तिला फोनच्या या खोड्या काय ठाऊक!

धाकटीला हसू आलं आणि हसताहसता तिचा बांध फुटला. ती भिंतीला धरून ओक्साबोक्शी रडली. काजवालीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुमच्याबद्दल काय बोलायची विचारत होतात ना? फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. मी म्हणायची, लाव की गं. तर म्हणायची, आधी ती बोलेल, लहान आहे ना ती."

"आणि मी म्हणत बसले, ती मोठी आहे, तिनं आधी बोलावं."

"घ्या," काजवाली म्हणाली. "दोघी सारख्याच."

बाहेरचा उजेड तिरपा झाला होता. विमानाची वेळ डोळ्यांसमोर होती, पण धाकटीला आता तिथून हलणं शक्य नव्हतं. कापलेला टाका तसा सोडून ती कुठे जाणार? आणि चुकीच्या बाजूने सपाट केलेलं आपलं अंग तसंच ठेवून? जिवंत माणसाचा पुतळा दुरुस्त करायचा, ही रीत होती.

"हिची काढलेली बाजू कुठे टाकली तिने?"

"टाकली नसणार. त्या दिवशी तिनं फडक्यात काही गुंडाळून मशीनच्या खणात ठेवलं होतं, तेच असेल. फेकवलं नसेल तिच्यानं."

खण उघडला. मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली ती गोल गड्डी होती, आतून कापूस, वर चिंध्यांचे थर. धाकटीने वरची चिंधी बोटांनी चाचपली आणि ओळखली. निळ्या कापडावर बारीक पांढरे ठिपके. आईला पोचवून मोठी निघून गेली तेव्हा तिच्या अंगावर हाच झगा होता. धाकटीचे कपडे तिच्याकडे कुठून असणार? तिने स्वतःचेच कापून धाकटी भरली होती.

सुई मशीनच्या गादीत टोचलेली होती. धाकटीला चष्म्यावाचून सुईचं भोक दिसत नाही, म्हणून ती चष्मा शोधायला पर्सकडे वळली. पण सुई ओवलेलीच होती. दोरा लांब, शेवटी गाठ, दोनदा फिरवून मारलेली.

"तुम्ही ओवून ठेवलीत का?"

"तो पट्टा काढला तेवढंच, बाकी त्या बाजूच्या कशालाही मी हात लावलेला नाही," काजवाली म्हणाली आणि पडद्याबाहेर सरकली. "तुम्ही करा तुमचं. मी आहे इकडे."

धाकटीने आधी खांद्याचा टाका घातला. मग उजवीकडचे वेडेवाकडे टाके सोडवले आणि ती गड्डी जागेवर बसवली. हात भराभर चालत होता. मागे कोणीतरी उभं होतं. तिने वळून पाहिलं नाही. लहानपणी ती पहिल्यांदा काज करायला बसली तेव्हाही मोठी अशीच मागे उभी राहायची, बोलायची नाही, चुकलं की नुसता श्वास सोडायची. आताही तसाच श्वास मानेवर लागत होता. भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण त्या भीतीपेक्षा, ती निघून जाईल याची भीती जास्त होती.

ती डावीकडे आली. शिवण उघडायच्या आधी ती थांबली. हे तिने आजवर कोणालाही मोठ्याने सांगितलं नव्हतं. लेकीलासुद्धा डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "डावी गं. डावी काढली माझी."

मशीनचं पायडल एकदा खाली गेलं आणि वर आलं. पलीकडे काजवालीच्या हातातून बटणांचा डबा पडला आणि सगळी बटणं घरंगळत सुटली.

धाकटीने डावी बाजू उघडली, गड्डी बाहेर काढली आणि कापड सपाट ओढून बारीक टाक्यांनी शिवून टाकलं. आता पुतळा मापात होता. तिने त्याच्यावर चादर घातली नाही. त्याचं तोंड तिने खिडकीकडे केलं.

"हा मशीनबरोबर जाऊ देऊ नका," पडदा सारून ती काजवालीला म्हणाली. काजवाली गुडघ्यांवर बसून बटणं वेचत होती.

"कशाला जाऊ देईन? माझ्या बाजूला ठेवीन." काजवालीने चष्मा खाली ओढून पुतळ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा आता भेदरलेला नव्हता. "पण मग तुम्हाला मला कळवत राहावं लागेल हं. वाळलात, सुटलात, सगळं. मला न बघता भरता येणार नाही तिच्यासारखं."

"कळवेन."

डावी गड्डी अजून धाकटीच्या हातात होती. ती पुन्हा खणात ठेवणं तिला जमेना. ती पुन्हा पडद्याआड गेली, झग्याची वरची बटणं काढली, रबरी उशी काढून पर्समध्ये टाकली आणि मोठीने भरलेली ती चिंध्यांची गड्डी जागेवर ठेवली. कुठे ओढावं लागलं नाही, की दाबावं लागलं नाही. ती बसली. दुसरीकडच्या वजनाइतकंच वजन होतं, तोळामासाही फरक नव्हता. तिने बटणं लावली. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिची पाठ ताठ झाली.

विमानतळावर तिला धावपळच करावी लागली. तपासणीच्या दारातून जाताना यंत्र काही बोललं नाही, पण अंगावरून हात फिरवणाऱ्या पोलीसबाईचा हात डावीकडे थबकला. बाई तरुण होती, कामाने कंटाळलेली. तिने धाकटीला बाजूच्या पडद्यामागे नेलं.

"आत काय आहे हे? काढून दाखवा."

धाकटीने काढून तिच्या हातात दिलं. पोलीसबाईने ती निळी ठिपक्यांची गड्डी उलटसुलट केली, टाके पाहिले आणि मग तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा उतरला. तिने ती दोन्ही हातांनी परत दिली.

"सॉरी हं मावशी. असं बाजारात मिळतं का? माझ्या आईलाही हवंय. तिचं सारखं सरकतं."

"बाजारात नाही मिळत. माझ्या बहिणीनं केलंय."

"हो? कुठे असते तुमची बहीण?"

इतकी वर्षं हा प्रश्न आला की धाकटी विषय बदलायची. आज तिने गड्डी जागेवर ठेवली, बटण लावलं आणि त्या मुलीच्या डोळ्यांत पाहिलं.

"इथेच, याच शहरात," ती म्हणाली. "आत्ताच भेटून आले."